थंडी सोसायची कोणी?

शीत-उष्ण येतात आणि जातात, ते सोसावेत, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो. कडाक्याची थंडी पडली की हा उपदेश हमखास आठवतो आणि बहुधा तो दुसऱ्यालाच ऐकवला जातो. ऐकवणारा गोधडीत असतो, ऐकणारा पहाटे बागेला पाणी द्यायला निघालेला. माझं म्हणणं असं की तितिक्षा, म्हणजे हे सोसणं, ज्याची त्याने स्वतःपुरती करायची असते. दुसऱ्याच्या वाट्याचं सोसणं आपण परस्पर ठरवून टाकलं, तर ते निव्वळ हात झटकणं होतं.

२०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. अशा रात्री त्या पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. हिरव्या वाणांच्या मण्यांत पाणी उतरायच्या सुमारास घडाघडाला कागद गुंडाळतात, बऱ्याचदा जुनी वर्तमानपत्रंच. नाहीतर दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांच्या तफावतीत मणी गुलाबी पडतात, ‘पिंक बेरी’ होते आणि निर्यातीचा माल हातचा जातो. शेजारच्या गव्हा-हरभऱ्याला मात्र हीच थंडी मानवते. तेव्हा थंडीला दैवी शिक्षा म्हणता येत नाही आणि प्रसादही म्हणता येत नाही. वेल लावली माणसाने. तिला जागचं हलता येत नाही, म्हणून तिची राखणही त्याच्याकडेच येते. कुंडीतली तुळस रात्री आडोशाला घेणं किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाखाली घोंगडी घालणं याच न्यायाने येतं.

अशाने सोसण्याची शिकवणच लुळी पडेल, असं कोणी म्हणेल. पण सोस म्हणणारा कृष्ण लगेच लढायलाही सांगतो. जैन मुनींनी सोसायच्या २२ परीषहांत, म्हणजे कष्टांत, थंडी आहे. दिगंबर मुनी ती उघड्या अंगावर घेतात आणि तेच मुनी जीवजंतू दुखावू नये म्हणून पिंछीने जागा झाडून मग बसतात. परब्रह्माला कसली आली थंडी, हा अद्वैत्याचा प्रश्नही पंढरपुरात कधीच मागे पडला आहे. थंडीच्या दिवसांत तिथे विठ्ठलाला शाल पांघरतात, कानपट्टी बांधतात. तो शीतोष्णापलीकडचा आहे हे वारकऱ्याला कोणी शिकवायला नको.

खरा अवघड आक्षेप शेकोटीचा आहे. तिच्यात किडे मरतात आणि धूर वस्तीत शिरून दम्याच्या माणसाला खोकवतो. एकाला ऊब देताना दुसऱ्यावर सोसणं लादलं जातंच, आणि माझा युक्तिवाद इथे माझ्यावरच उलटतो. यातून चोख सुटका नाही, फक्त क्रम लावता येतो: आधी कागद आणि पाणी, अगदीच निभेना तेव्हा आग, आणि तीही वारा वस्तीकडे नाही ना हे बघून.