गुडघा कोणाचा?

आमच्या मोत्याचा मागचा पाय अधू झाला. मांडवीवर मारामारीत दुखावला असणार, हा माझा तर्क. डॉक्टरांनी तो फेटाळला. माणसाचे गुडघ्यातले लिगामेंट फुटबॉल खेळताना एका झटक्यात तुटते. कुत्र्याचे बहुधा महिनोन्महिने सुंभासारखे आतून विरत जाते आणि एक दिवस जांभ्याची पायरी चढतानाच तुटते. मग सांधा ढिला आणि पाठोपाठ संधिवात. पुष्कळदा दुसरा पायही त्याच वाटेने जातो. वजन उतरवायचे, बिस्किटे बंद! शस्त्रक्रियेत नडगीचे हाड कापून त्याचा उतार बदलतात आणि पट्टी ठोकतात. मी लगेच परळला न्यायचे ठरवले. तिथले पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे अनुभवी.

रजेचा अर्ज लिहायला बसलो. आई भिंत धरून उठली. दहा वर्षे ती अशीच उठते आणि आम्ही “वय झालं ना” म्हणतो. आपली दुखण्याची गोळी ती पोळीत घालून मोत्याला देऊ लागली.

“अगं, आयबुप्रोफेन कुत्र्याला विष असतं!” मी ओरडलो.

“हो? तुला त्याच्या गुडघ्याची बरीच माहिती आहे रे.”

कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला धर्मराज तयार होईना, म्हणून आपण त्याला केवढा मान देतो! पण वाटेत द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, तेव्हा गृहस्थाने मागे वळूनही पाहिले नव्हते. हे मला त्या दिवशीच कसे आठवले, कोण जाणे.

अर्जातला ‘रजेचे कारण’ हा रकाना अजून कोराच आहे.