तयार झालें असें केव्हां म्हणावें?

कोणतीहि वस्तु ‘तयार झाली’ असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. भाकरी झाली कीं नाहीं हें करणारीच्या हातास कळतें. पण ज्या वस्तूच्या उणिवा ती हजारों घरांत नांदूं लागल्याखेरीज कळतच नाहींत, ती दाराबाहेर केव्हां काढावी? संगणकाचें सॉफ्टवेअर ही अशा जातीची वस्तु आहे. त्यांतहि ज्यास मुक्तस्रोत म्हणतात, म्हणजे ज्याचें मूळ लेखन कोणींहि वाचावें, सुधारावें व वांटावें अशी मुभा असते, त्याच्या बाबतींत हा प्रश्न विशेष उघडा पडतो. व्यापारी कंपनीचा निर्णय पुष्कळ अंशीं तिची जमाखर्चाची वही करते. येथें बरेंचसें काम स्वेच्छेनें झालेलें असतें. गिऱ्हाईक नाहीं, पावती नाहीं, आणि म्हणून ‘हें आतां वापरण्याजोगें आहे’ या एका वाक्यापलीकडे देणाऱ्याघेणाऱ्यांत दुसरा व्यवहारहि नाहीं.

या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण केडीई या मंडळीचें आहे, असें आम्हांस वाटतें. १९९६ सालीं मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या या कार्यानें लिनक्सवर चालणाऱ्या संगणकास खिडक्या, पट्ट्या व चित्रें यांनीं युक्त असा दर्शनी भाग, म्हणजे डेस्कटॉप, दिला. २००५ च्या अखेरीस निघालेली त्याची ३.५ ही आवृत्ति वापरणारांच्या इतकी अंगवळणी पडली होती कीं, आपण कांहीं वापरीत आहों याची जाणीवहि त्यांस फारशी राहिली नव्हती. आणि साधनाची याहून मोठी स्तुति ती कोणती? पुढें पाया बदलणें प्राप्त झालें, त्यावरील बांधकामहि बहुतेक नव्यानें करावें लागलें, आणि ११ जानेवारी २००८ रोजीं ४.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. ती अपुरी होती. पडद्याच्या कडेची पट्टी हवी तशी लहानमोठी करण्याची जुनी सोय तींत नव्हती. पत्रव्यवहाराचे व दिनदर्शिकेचे प्रोग्राम त्या संचांत आलेच नव्हते, ते जुलैमधील ४.१ बरोबर आले. नाराजी उसळली. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनींहि आपण केडीई सोडून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप धरल्याचें २००९ च्या आरंभीं सांगितलें.

कर्त्यांची बाजू मात्र हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ४.० चा अर्थ पाया स्थिर झाला एवढाच. सर्वांनीं लगेच बिऱ्हाड हलवावें असा नव्हे. पाया स्थिर झाल्याचें जाहीर केल्याखेरीज त्यावर प्रोग्राम लिहिणारे दुसरे लोक पुढें येत नाहींत, आणि ते आल्याखेरीज घर भरत नाहीं. शिवाय शंभर प्रकारच्या यंत्रांवर उद्भवणारे दोष दहा माणसांस आपल्या खोलींत बसून दहा वर्षांतहि सांपडणार नाहींत. पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरावयाचें नाहीं असा नेम करणारा जन्मभर कांठावरच राहावयाचा! हें सारें खरें आहे. पण हा खुलासा ज्यांनीं वाचला त्यांच्यापेक्षां ‘४.०’ हा नुसता आंकडा पाहणारे कितीतरी अधिक होते. आणि चारापुढील शून्य सामान्य मनुष्यास ‘आरंभ’ असें सांगत नाहीं, ‘पूर्ण’ असेंच सांगतें. आमचा आक्षेप वस्तूच्या अपुरेपणास नसून तिला दिलेल्या नांवास आहे.

याच्या उलट टोकास डेबियन ही संस्था. ‘तयार होईल तेव्हां’ हा तिचा जुना बाणा. आवृत्ति प्रसिद्ध होण्याच्या आड येण्याजोगे गंभीर दोष तेथें निराळे मोजले जातात, आणि ज्या भागाचा असा दोष कोणी दुरुस्त करीत नाहीं तो भागच गाळून टाकण्यांत येतो. नियम कठोर खरा, पण प्रामाणिक. परंतु त्यासहि किंमत पडली. जुलै २००२ मधील ३.० नंतर ३.१ ही आवृत्ति निघावयास जून २००५ उजाडलें. दरम्यान बाजारांतील यंत्रें पालटलीं, आणि ‘स्थिर’ या शब्दास लोकांच्या तोंडीं ‘शिळें’ अशी छटा आली. नवें यंत्र घेऊन बसलेल्या मनुष्यास त्या सावधपणाचा उपयोग काय?

शिवाय गंभीर दोष कोणता, हें ठरवितो कोण? समजा, ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द पडद्यावर सारखेच उमटूं लागले. मराठी न जाणणाऱ्या कार्यकर्त्यास ती एका रेघेची गोष्ट. आमच्या येथें मात्र गुरूच्या आसनावर स्वयंपाकी जाऊन बसला! तो दोष यादींत आरंभीं लागतो कीं अखेरीस, हें पुष्कळदां त्या मंडळींत मराठी वाचणारें कोणी आहे कीं नाहीं यावर अवलंबून. दोष शून्यावर आले असें ऐकलें म्हणजे ही मोजणी कोणाची, असें विचारावेंसें वाटतें तें यामुळेंच.

पंचांग पाहून मुहूर्त साधणारा तिसरा पक्षहि आहे. ग्नोमची मंडळी दर सहा महिन्यांनीं आवृत्ति काढतात. उबुंटूनेंहि २००४ पासून हाच क्रम धरला. जें वेळेंत झालें नाहीं तें पुढच्या गाडीनें जाईल, ही त्यांतील सोय मोठी आहे. पण आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतो तो त्या क्रमाचा भंग. २००६ च्या एप्रिलमध्यें निघावयाची उबुंटूची आवृत्ति जूनवर ढकलण्यांत आली. कारण घरगुती संगणकांवर तीन वर्षें व सर्व्हरवर पांच वर्षें तिची निगा राखूं, असें वचन तिच्याबरोबर द्यावयाचें होतें. दीर्घ वचनाकरितां थोडा विलंब सोसला. ‘तयार’ या शब्दाचें खरें माप येथें दिसतें. दोष किती उरले यापेक्षां, उरलेल्या दोषांचें ओझें पुढें किती दिवस वाहण्याची आपली तयारी आहे, हें देणाऱ्यानें स्वतःस विचारावयाचें असतें.

फुकट मिळालेल्या वस्तूस नांवें कां ठेवावीं, असें कोणी म्हणेल. धर्माची गाय आणि दांत कां गे नाहींत, ही म्हण आपल्यांत आहेच. पण ती म्हण घेणाऱ्याचा लोभ आवरण्यासाठीं आहे. देणाऱ्यास बोलण्याची सूट देण्यासाठीं नव्हे. गाय दुभती आहे या शब्दावर विसंबून ज्यानें आपली जुनी गाय सोडून दिली, त्याच्या घरीं सकाळीं दूध नसेल तर दान फुकट होतें हें उत्तर त्याच्या मुलांस पुरणार नाहीं. प्रश्नपत्रिका छापण्याच्या आदल्या रात्रीं ज्या शिक्षकाचा संगणक रुसून बसतो, त्याची स्थिति याहून निराळी नाहीं.

जुनी गाय ठेवली कोणीं व सोडली कोणीं, हें येथें पाहण्याजोगें आहे. केडीईच्या मंडळींनीं ४.० नंतरहि जुन्या ३.५ ची डागडुजी चालू ठेविली होती. ऑगस्ट २००८ मध्यें तिची ३.५.१० ही दुरुस्त आवृत्ति निघाली. परंतु सामान्य मनुष्य सॉफ्टवेअर कर्त्यांकडून थोडेंच घेतो! तें त्याच्या हातीं येतें संच बांधून वांटणाऱ्यांकडून. मे २००८ मधील फेडोरा ९ नें जुना डेस्कटॉप काढून त्याच्या जागीं नवा बसविला. जूनमधील ओपनसुसे ११.० नें दोन्ही पुढें ठेवून निवड वापरणारावर सोंपविली. वस्तु तीच, उणिवा त्याच. एकाच्या घरीं अडचण झाली, दुसऱ्याच्या घरीं कुतूहल झालें. कर्ते म्हणाले, आम्हीं सांगितलें होतें. वांटणारे म्हणाले, आंकडा तुमचा होता. दोघांच्या मध्यें जो उभा होता त्यास कोणींच विचारलें नव्हतें. आमच्या मतें पहिला दोष नांव ठेवणारांचा, पण मोठा दोष परतीची वाट बंद करणारांचा.

जानेवारी २००९ मधील ४.२ पर्यंत बऱ्याच उणिवा भरून निघाल्या, व पुष्कळ लोक परत आले. कांहीं आलेच नाहींत. त्यांच्यांतल्या थोड्यांनीं २०१० मध्यें ३.५ चें तें मूळ लेखन हातीं घेतलें, ट्रिनिटी या नांवानें तें निराळें चालविलें, आणि ती जुनी गाय अद्याप त्यांच्या गोठ्यांत आहे.