संसारातील भांडवल आणि पोटगीचा हिशेब

घटस्फोटाला किती खर्च येतो, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा वकिलाच्या फीमध्ये शोधतो. परंतु ज्याचा चरितार्थ स्वतःच्या उद्योगावर चालतो किंवा ज्याने परदेशी वास्तव्य पत्करले आहे, त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या बाबतीत ती फी म्हणजे खर्चाचा केवळ दर्शनी भाग होय. खरा खर्च कालहरणाचा, मिळकत लपविण्याचा आणि लपविलेली मिळकत शोधण्याचा असतो. आणि तो मुख्यतः आपल्या कायद्याने मोकळ्या सोडलेल्या एका जागेतून उत्पन्न होतो, असे माझे मत आहे.

दिल्ली व तिच्या सभोवारच्या राजधानी क्षेत्रात हे फार स्पष्टपणे दिसते. कारखाना फरीदाबादेत, कचेरी ओखल्यात, सदनिका नोएडात आणि एक भाऊ टोरंटोत, अशी कुटुंबे येथे विरळा नाहीत. लोकव्यवहाराच्या दृष्टीने हे सारे एकच नगर असले, तरी न्यायव्यवहाराच्या दृष्टीने ते दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश यांत आणि तीन उच्च न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रांत विभागलेले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये विवाह जेथे झाला, दांपत्य जेथे अखेरीस एकत्र राहिले किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो, आणि २००३ पासून अर्जदार पत्नीला स्वतःच्या निवासस्थानीही दाद मागता येते. परिणामी पतीचा अर्ज गुरुग्रामला, पत्नीचा साकेतला, आणि दोन्ही एकत्र आणावयाचे तर सर्वोच्च न्यायालयात स्वतंत्र विनंती, असा प्रवास मूळ वादाला हात लागण्यापूर्वीच सुरू होतो.

नोकरदाराच्या मिळकतीची साक्ष त्याची वेतनचिठ्ठी देते. उद्योजकाच्या मिळकतीची साक्ष देणारे दस्तऐवज मात्र त्याच्याच दफ्तरात, त्याच्याच हिशेबनिसाच्या हातून तयार होतात. मोटार कंपनीच्या नावे, घराचे भाडे कंपनीच्या खर्चात, संचालक म्हणून घेतलेले वेतन माफक, आणि नफा गंगाजळीत ठेवलेला. यांपैकी एकही गोष्ट स्वतःहून बेकायदा नाही, तरी पोटगीच्या अर्जासमोर त्या सर्वांची मिळून अशी भिंत उभी राहते की ज्या स्त्रीने वीस वर्षे त्या घराची व्यवस्था पाहिली, तिलाच त्या घराचे उत्पन्न सिद्ध करावे लागते. या अन्यायाची दखल प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाने ठळकपणे घेतली. कुसुम शर्मा प्रकरणात त्या न्यायालयाने उभय पक्षांकडून उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि राहणीमान यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र घेण्याची पद्धत घालून दिली; पुढे ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रतिज्ञापत्राची ही अट सर्व देशास लागू केली आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले. ही मोठीच प्रगती होय. तथापि प्रतिज्ञापत्र म्हणजे मूल्यमापन नव्हे. शेअर बाजारात नोंद नसलेल्या खाजगी कंपनीच्या भागांना बाजारभाव नसतो. एका पक्षाचा मूल्यमापक एक आकडा सांगतो, दुसऱ्याचा दुसरा, आणि त्या दोन आकड्यांमधील अंतर तोडण्यात वर्षे जातात.

उद्योजकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्याची संपत्ती यंत्रांत, कच्च्या मालात आणि गिऱ्हाइकांकडील येण्यात गुंतलेली असते. बँकेच्या कर्जाला त्याने व्यक्तिगत हमी दिलेली असते. भावांची भागीदारी असते. मोठी रक्कम एकदम द्यावयाची झाल्यास त्याला यंत्र किंवा जमीन विकावी लागते, आणि त्याची झळ ज्यांचा या कलहाशी काडीचाही संबंध नाही अशा कामगारांना लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात रेमंडच्या अध्यक्षांनी पत्नीपासून विभक्त होत असल्याचे जाहीर केल्यानंतर त्या कंपनीच्या भागांचा भाव घसरला होता; सामान्य भागधारकाने मात्र त्या विवाहाची कोणतीच जबाबदारी घेतली नव्हती.

परदेशस्थांच्या बाबतीत मिळकतीबरोबर स्थळही निसटते. अमेरिकेतील एखाद्या न्यायालयातून पतीने एकतर्फी हुकूमनामा मिळवावा आणि येथील पत्नीला तो टपालाने कळावा, असे प्रकार घडत आले आहेत. १९९१ साली नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्याला मान्य असलेले अधिकारक्षेत्र व कारण नसेल, आणि दुसऱ्या पक्षाने त्या न्यायालयाला स्वेच्छेने मान्यताही दिली नसेल, तर तो हुकूमनामा येथे ग्राह्य नाही. हा दंडक योग्यच आहे. पण त्यामुळे एकच मनुष्य तेथे मोकळा आणि येथे विवाहित अशी विपरीत स्थिती उद्भवते, आणि दोन देशांत दोन वकीलपत्रे भरणे उभयतांना भाग पडते. अपत्याचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपनयनासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. नित्या आनंद राघवन या दिल्लीतून गेलेल्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी आदेशापेक्षा अपत्याचे हित श्रेष्ठ मानले. ते तत्त्व मला पटते. परंतु त्या हिताचा निर्णय होईतो दूरदेशीच्या पित्याला किंवा मातेला मुलाच्या बालपणाची जी वर्षे गमवावी लागतात, त्यांची भरपाई कोणत्याही हुकूमनाम्याने होत नाही. त्याच वर्षी परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांचा अवधी माफ करण्याची आणि दूरचित्र संवादाने हजर राहण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली, एवढा दिलासा मात्र नोंदविला पाहिजे.

आता त्या मोकळ्या जागेविषयी. हिंदू विवाह कायद्याचे २४ वे व २५ वे कलम पोटगीची व्यवस्था करते. २७ वे कलम विवाहप्रसंगी भेट मिळालेल्या संयुक्त वस्तूंपुरते आहे. पण संसार चालू असताना दोघांच्या श्रमाने जी संपत्ती उभी राहिली, तिच्यात पत्नीचा हक्काने वाटा किती, याविषयी तो कायदा मौन धारण करतो. सिंधुदुर्ग जिल्हा ओलांडून पेडण्यात पाऊल टाकावे, तो चित्र पालटते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास, पती-पत्नी मालमत्तेचे समान धनी असतात. तेथेही वाद होतात, मूल्यमापनाचे क्लेश चुकत नाहीत. पण वाटा किती हा प्रश्न तरी वादातून वगळला जातो. उर्वरित भारतात तोच प्रश्न अनिर्णित असल्यामुळे मिळकत दडविणे किफायतशीर ठरते, आणि दडविणाऱ्याचा लाभ हाच शोधणाऱ्याचा खर्च होतो.

राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केलेल्या विवाहविषयक कायदे दुरुस्ती विधेयकात पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद होती. २०१४ साली पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही लयास गेले. परदेशस्थांच्या विवाहांसाठी सर्वंकष केंद्रीय कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात केली आहे. हे दोन्ही धागे एकत्र गुंफावेत. वडिलोपार्जित मालमत्ता वगळून विवाहोत्तर संपादनात उभयतांचा समान हक्क मान्य करावा, धंद्यातील भागांचा त्यात समावेश करावा, आणि धंदा मोडू नये म्हणून तो हिस्सा हप्त्यांनी फेडण्याची सवलत ठेवावी, अशी मागणी मराठी वाचकांनी आपापल्या खासदारांकडे लेखी करावी.