हाडं नसलेली माणसं

डोंबाऱ्याची मुलगी मागे वाकते, डोकं पायांमधून पुढे काढते आणि जमिनीवरची नोट दातांनी उचलते. गर्दीतून कुणीतरी हमखास म्हणतं, "हिच्या अंगात हाडंच नाहीत!" बोलणाऱ्याच्या मनात कौतुक असतं. मला मात्र हे वाक्य तिच्यावर अन्याय करणारं वाटतं. हाडं नसतील तर मेहनतीचा प्रश्नच उरत नाही.

काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात, हे खरं. पण सैल सांधा निखळतोही लवकर. त्याला जागेवर धरायचं काम स्नायूंचं. शिवाय सगळा बाक कमरेच्या एकाच मणक्यावर पडू न देता तो पाठभर वाटून घ्यावा लागतो. त्यातच वर्षं जातात. मंगोलियात या कलेला 'उरान नुगारालत' म्हणतात, म्हणजे कलात्मक वाकणं. तिथल्या मुली पाच-सहा वर्षांच्या असतानाच शिकू लागतात. त्यांच्यातल्या काही जणी एका छोट्या खांबावरची पकड दातांत धरून, हात मोकळे सोडून, पाय डोक्यावरून पुढे आणतात. सगळं वजन जबड्यावर आणि मानेवर. याला लवचिकपणा म्हणून कसं भागेल? ही ताकद आहे.

आपल्याकडे 'कोलांटउडी' हा शब्द शाळकरी पोरही वापरतं. त्याचं नातं कसरतीचे खेळ करणाऱ्या कोल्हाटी जमातीशी आहे. उडी भाषेत मुरली. उडी मारणारे पालावर राहिले. याउलट, पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, त्याला आखाडा मिळाला, स्पर्धा आणि पदकं मिळाली. दोरीच्या मल्लखांबावर कमान टाकणारी मुलगी खेळाडू ठरते. तीच कमान रस्त्यावर टाकणाऱ्या मुलीसमोर थाळी फिरते.

पोटासाठी लेकरू वाकवणं मला मान्य नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला केंद्र सरकारला सांगितलं, ते योग्यच झालं. पण मूल खेळातून बाहेर आलं की घरातली चूलही थंडावते, आणि पिढ्यानपिढ्यांचं शरीराचं ज्ञान कुणी विचारत नाही म्हणून विरून जातं.

मल्लखांबाचे आणि जिम्नॅस्टिक्सचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे : या समाजांतली मुलं शिकायला घ्या, आणि त्यांच्या आईबापांना शिकवायला बोलवा. पगार देऊन.