चावणारी सीट

नवी कोल्हापुरी चावते, म्हणून कुणी ती टाकून देत नाही. तेल लावून वापरत राहतात.

सायकलची कातडी सीट त्याच जातीची. झाडाच्या सालीत कमावलेलं जाड कातडं लोखंडी चौकटीवर ताणलेलं. खाली ना गादी, ना फोम. इंग्लंडच्या ब्रुक्सची बी-१७ ही सीट १८९०च्या दशकातली.

रोज थोडी चालवली की बैठकीच्या हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात आणि सीट मालकाची होते. उतावळे मात्र तिला तेलात बुडवतात. मग कातडं लोंबतं, सीटच्या नाकाखालचा, कातडं ताणणारा नट कितीही आवळा. पावसाळ्यात तर ती प्लास्टिकच्या पिशवीने झाकावीच. भिजलेल्या सीटवर बसलं की आकार बिघडलाच म्हणून समजा.