छापील अवयव आणि देहाचे स्वत्व

संगणकावरील आराखड्यानुसार पदार्थाचे पातळ थर एकावर एक चढवून वस्तू घडवण्याच्या पद्धतीला त्रिमितीय मुद्रण म्हणतात; या थरांसाठी जिवंत पेशी मिसळलेले जेल, म्हणजेच जैवशाई, वापरली की त्याच पद्धतीला जैवमुद्रण असे नाव मिळते. या तंत्राची धार्मिक अंगाने चर्चा करताना माणूस विधात्याची जागा घेऊ पाहतो आहे का, हा प्रश्न बहुधा आधी पुढे येतो. परंतु यंत्र पेशीत जीव घालत नाही, आधीच जिवंत असलेल्या पेशींना ते केवळ जागा नेमून देते, त्यामुळे तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवता येतो. त्याहून बिकट प्रश्न असा की, बाहेर घडवलेला भाग शरीरात बसवल्यावर तो त्या माणसाचा कशामुळे ठरतो?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २०१२ मध्ये एका तान्ह्या बाळावर झालेली शस्त्रक्रिया या संदर्भात उद्बोधक आहे. बाळाच्या श्वासनलिकेची एक शाखा इतकी दुबळी होती की ती वारंवार मिटून श्वास कोंडत असे. डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून माप घेऊन, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या द्रव्याची, एका बाजूने उभी फट असलेली नळी छापली, ती शाखेभोवती बाहेरून बसवली आणि शाखेची भिंत टाके घालून तिला बांधली. फटीमुळे मूल वाढेल तशी नळी रुंदावावी आणि सुमारे ३ वर्षांत ती शरीरात शोषली जाईपर्यंत श्वासनलिकेला स्वतःचे बळ यावे, अशी ही योजना होती. या काळात त्या नळीला देहाचा भाग म्हणावे की देहात ठेवलेली वस्तू?

या प्रश्नाला न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, एक कसोटी सापडते; तेथे शरीराचे लक्षण सांगताना घटकद्रव्याचा उल्लेख नाही. हवे ते मिळवण्याची आणि नको ते टाळण्याची धडपड, इंद्रियांचा व्यवहार व सुखदुःखाचा भोग ज्याच्या आश्रयाने घडतो त्याला तेथे शरीर म्हटले आहे. या कसोटीवर श्वासाच्या धडपडीत सामील असलेली नळी देहाच्या बरीच जवळ येते, मात्र तिच्या ठायी स्वतःची संवेदना नसल्याने ती उपकरणाच्या पायरीवरच राहते. उलट जिवंत पेशींचे ऊतक रक्तपुरवठ्याशी व चेतांशी जोडले गेले, तर त्याला परके ठरवायला आधार उरत नाही. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेले पण त्यांहून वेगळे असे पूर्ण द्रव्य, एखादा अवयव जोडला वा तुटला की नष्ट होऊन नवे उत्पन्न होते. बालपणीचे शरीर म्हातारपणी राहत नाही, तरी स्मृती टिकते, म्हणून ‘तोच मी’ या प्रतीतीचा आधार हे दर्शन आत्म्यात शोधते. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेन मात्र, रथ हे जसे सुट्या भागांच्या जुळणीला दिलेले केवळ नाव, तसाच माणूसही, असा दाखला देऊन असा स्थिर आत्माच नाकारतात. आत्म्याविषयी इतका टोकाचा मतभेद असूनही, जन्मजात घटकांना स्वत्वाचा विशेष अधिकार या दोन्ही पक्षांपैकी एकही देत नाही.

मात्र अवयव आपला झाला म्हणजे त्याचे ऋण फिटले, असे यातून निघत नाही. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि पेशी व रेणूंच्या जीवशास्त्राचे संशोधन केंद्र सीसीएमबी यांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये छापलेले स्वच्छपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सशाच्या डोळ्यात बसवले; त्याची जैवशाई पेशी काढून टाकलेले मानवी स्वच्छपटल आणि मानवी डोळ्यांतून मिळवलेल्या मूलपेशी यांपासून तयार केलेली होती. अशा ठिकाणी मुद्रणाने दान संपत नाही, दाता तेवढा दृष्टिआड होतो. माणूस जन्मतःच ऋणी असतो ही भारतीय परंपरेतील कल्पना जन्मजात देहालाही लागू आहे, कारण तोही पितरांकडून मिळालेला आणि अन्नावर पोसलेला असतो. आपलेपण वापराने येते, उपकार मात्र उगमापाशी राहतात, आणि म्हणून छापील अवयव पूर्णपणे स्वतःचा मानणाऱ्यालाही त्या अनोळखी दात्याचे देणे मान्य करावे लागते.