सत्तरच्या दशकाची ओढ आणि स्मृतीचे प्रामाण्य

गेलेल्या काळाची ओढ त्या काळाविषयी काही खरे सांगते की ओढ लागलेल्या माणसाविषयीच, हा प्रश्न स्मृतीच्या प्रामाण्याचा आहे. सत्तरच्या दशकातले दूरदर्शन, जाहिराती, गाणी आणि चित्रपट यांच्या आठवणीने हळवी होणारी माणसे महाराष्ट्रात सगळीकडे आहेत; पालघर-बोईसर पट्ट्यात मात्र ही ओढ अधिक गुंतागुंतीची आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्यान्वित झाले, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि पाम, कुंभवली, सालवड, सरावली अशा गावांच्या शेतांना कारखान्यांचा शेजार आला. इथल्या माणसाला तेव्हाचे गाणे आठवते तेव्हा कारखान्यांपूर्वीचे गावही त्याच्यासोबत आठवते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी, संध्याकाळचे काही तास, चित्र कृष्णधवल. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘छायागीत’, तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, एवढ्यावर घरेच्या घरे खिळून बसत. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आल्या. त्याआधी १९६७ पासून त्या विविध भारतीवर ऐकू येत होत्या. पडद्यावर ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पिंजरा’ (१९७२), ‘जैत रे जैत’ (१९७७) आणि हिंदीत १९७५ चे ‘शोले’ व ‘जय संतोषी माँ’ होते. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर सारी आळी जमायची. वरळीच्या मनोऱ्यापासून इतक्या लांब, उत्तरेला राहणाऱ्याला अँटेनाचे तोंड दक्षिणेला धरावे लागे. एकजण कौलांवर चढून दांडा फिरवी, दुसरा खिडकीतून ओरडे, “अजून मुंग्याच आहेत, थोडं डावीकडे घे!” चित्र स्थिर झाले की खाली बसलेल्या साऱ्यांच्या तोंडून एकदमच हुंकार निघे.

न्यायदर्शन स्मृतीला यथार्थ ज्ञानाच्या स्वतंत्र साधनांत जागा देत नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’नुसार स्मृती केवळ संस्कारातून, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातून, उपजते. ती नवे काही दाखवत नाही; मूळ अनुभव जितका खरा, तितकीच ती खरी. सत्तरच्या दशकाच्या बाबतीत ही कसोटी फार कठोर ठरते, कारण ताडून पाहायला मूळ वस्तूच उरलेली नाही. चित्रफीत महाग होती, म्हणून जुन्या कार्यक्रमांवरच नवे ध्वनिचित्रमुद्रण केले जाई. त्यामुळे असंख्य कार्यक्रम आज फक्त प्रेक्षकांच्या डोक्यात आहेत. अमुक प्रसंग ‘गजरा’त होता की नाही यावर दोन वृद्ध भांडू लागले, तर निवाडा करणारा पुरावा सापडेलच असे नाही. वर संस्कार एकमेकांत मिसळतात. ओटीवरची गर्दी, शेजारणीने आणलेले भाजलेले शेंगदाणे, तेव्हा हयात असलेले वडील, हे सारे कार्यक्रमाला चिकटते आणि मग कार्यक्रमच थोर वाटू लागतो. त्या कार्यक्रमांतले बरेचसे साधेच होते. थोर होते ते एकत्र बसणे.

ही स्मृती काय वगळते तेही पाहिले पाहिजे. त्याच दशकात १९७२ चा दुष्काळ पडला. जून १९७५ ते मार्च १९७७ आणीबाणी होती आणि दूरदर्शन सरकारची भाषा बोलत होते. जव्हार, मोखाडा, तलासरीच्या अनेक पाड्यांवर टीव्ही तर सोडाच, वीजही नव्हती. जिथे अणूपासून वीज निर्माण होत होती, तिथून काही कोसांवर माणसे चिमणीच्या उजेडात जेवत होती. त्यांच्या आठवणीतले सत्तरचे दशक निराळे आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी फारसे विचारतही नाही.

पाश्चात्त्य विचारात ही ओढ आधी रोग मानली गेली. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथील प्रबंधात तिचे वर्णन घरापासून तुटलेल्यांचा आजार असे केले. उपाय म्हणजे घरी परतणे. कांटने पुढे यातली मेख ओळखली. परतलेला माणूस निराश होतो, कारण त्याला गाव नको असते, तारुण्य हवे असते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. तिथल्या माणसांना कांटचे उत्तर पुरणार नाही. त्यांचे तारुण्य तर गेलेच, पण गावही गेले, आणि त्यांच्या ओढीला नुसती हळहळ म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात एक रास्त तक्रार आहे.

सर्वांत अवघड प्रश्न तरुणांच्या ओढीचा. २००० नंतर जन्मलेल्या, बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाला ‘जैत रे जैत’मधली गाणी ऐकून व्याकूळ वाटते. त्याने ते दिवस पाहिलेच नाहीत. मग संस्कार कुठून आला? कालिदासाने ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हेच कोडे मांडले आहे. हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंताला हुरहूर लागते, विरह तर आठवत नाही. राजा म्हणतो, हे मागल्या जन्मीच्या स्नेहाचे नकळत झालेले स्मरण असेल. अभिनवगुप्ताने रसचर्चेत याच श्लोकाचा आधार घेतला. त्याच्या मते हे तार्किकांच्या अर्थाचे स्मरण नव्हे. तो रसिकाच्या मनात आधीच असलेल्या वासनांचा, म्हणजे सुप्त भाववृत्तींचा, उद्भव आहे. कलाकृती भावना कोण्या एकाची राहू देत नाही, ती साऱ्यांची करते. कुणाचे तरी काहीतरी सुटून गेले, एवढे त्या मुलाला कळते आणि ते खरेच असते. न्यायाच्या कसोटीवर ही ओढ नापास होईल. रसाच्या कसोटीवर ती खोटी नाही. या लेखाचा कल दुसऱ्या कसोटीकडे आहे, मात्र रसाला इतिहास समजायचे नाही या अटीवर.

धर्मविचारात स्मृतीला दोन तोंडे आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, काम, क्रोध, संमोह आणि स्मृतीचा भ्रंश अशी घसरण सांगितली आहे; अठराव्या अध्यायात अर्जुन मोह गेला आणि स्मृती परत आली असे सांगतो. नवविधा भक्तीतही स्मरण आहे. पण भक्ताच्या स्मरणाचा विषय भूतकाळात नसतो. वारकऱ्याचा विठ्ठल आत्ता विटेवर उभा असतो. ‘जय संतोषी माँ’ पाहताना लोक चपला बाहेर काढत, पडद्यावर नाणी वाहत. त्यांच्या लेखी ते दर्शन होते. आज त्या चित्रपटाची आठवण काढणाऱ्याला देवीपेक्षा ते चित्रपटगृहच अधिक आठवते. इथे स्मरणाचा विषय बदलला आणि भक्तीची जागा ओढीने घेतली.

आठवण टिकवण्याच्या दोन वाटा याच भागातल्या वारली चित्रांत दिसतात. वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी येते आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. ते चित्र जपण्यासाठी नसते. पुढल्या लग्नात चौक नव्याने लिहायचा असतो. सत्तरच्याच दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे वारली चित्रे कागदावर काढू लागले आणि ती जगभर संग्रहालयांत पोहोचली. कागदावरचे चित्र टिकते, भिंतीवरचे पुन्हा घडते. त्या दशकातले दूरदर्शनचे कार्यक्रम पहिल्या वाटेने जायला हवे होते. चित्रफिती पुसल्या गेल्यामुळे ते बरेचसे गेले. गाणी दुसऱ्या वाटेने गेली. पालघरमधल्या हळदीत दादा कोंडक्यांच्या गाण्यावर नाचणाऱ्या मुलांना ती सत्तरच्या दशकातली आहेत याची कल्पनाही नसते, आणि नाचायला ती लागतही नाही.